दर बाजाराला एक मापटं

आमच्या गावात वजनाचा काटा एकच होता आणि तो दुकानदाराचा होता, म्हणजे त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्यामुळे आम्ही आमची ताकद मापट्यानं मोजली. मापटं म्हणजे अर्धा शेर धान्य मावेल एवढं पत्र्याचं माप. आमच्या मापट्यात धान्य नसायचं, कयाधू नदीची वाळू असायची.

ही हकीकत मी आजवर या गावात कुणाला सांगितली नाही. ज्यांना सांगायला हवी होती ती सगळी माणसं गेली, आणि आता सांगून मी काही मोठा शूर ठरत नाही एवढं मला कळतं. पण ती माणसं गेली असली तरी माझ्या घरातून गेलेली नाहीत. भर दुपारी ओसरीवर बसलेलो असतो आणि गोठ्याच्या बाजूनं लोखंड लाकडावर टेकल्याचा आवाज येतो. गोठा पाडून तीस वर्षं झाली. तिथं आता पेरूचं झाड आहे. मी उठतो, पेरूपाशी जाऊन उभा राहतो, आणि सून विचारते, काय हवं होतं. काय सांगणार तिला?

माझी आई मी रांगत असतानाच गेली. चुलतीनं वाढवलं. काकूला स्वतःचा एकच मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणायचो. काकू आम्हा दोघांच्या भाकरी आधी एकावर एक ठेवून बघायची, लहानमोठ्या तर झाल्या नाहीत ना, आणि मग ताटात वाढायची. एवढं काटेकोर प्रेम मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. ते गमावण्याची भीती काय असते हे ज्याला आई आहे त्याला समजायचं नाही.

राज्य निजामाचं होतं. नवी तालीम काढायची तर वरून परवानगी लागे, आणि परवानगी मागितली की ताकद कशाला हवी याची चौकशी आधी सुरू होई. म्हणून आमच्या वस्तादानं आमचा गोठाच निवडला. हा म्हातारा तरुणपणी हिंगोलीच्या छावणीत शिपाई होता. छावणी मोडल्यावर गावी आला आणि कुणाच्याही अध्यातमध्यात न पडता राहिला. दादा सतरा-अठराचा झाल्यावर एक दिवस वस्तादानं त्याच्या पाठीवर थाप मारून पाहिली, दुसऱ्या दिवशी माझ्या, आणि काकूकडून गोठ्याचा एक कोपरा मागून घेतला.

सामान असं होतं: मोडक्या बैलगाडीचा लोखंडी आख, जमिनीत पुरलेल्या दोन बेचक्याच्या मेढी, म्हणजे लाकडी खांब, आणि आखाच्या दोन टोकांना टांगायला प्रत्येकाची गोणपाटाची दोन-दोन पोती. मेढींवर ठेवलेल्या आखाखाली वाकून जायचं, तो पाठीवर घ्यायचा, पाच बैठका मारायच्या आणि परत ठेवायचा. बस. पहिला महिनाभर पोती रिकामीच होती. दादा चिडायचा, म्हणायचा हे तर माझी आजी उचलील. वस्ताद विडी ओढत ऐकून घ्यायचा. मग जवळा बाजारचा आठवडी बाजार आला त्या दिवशी त्यानं आमच्या सगळ्या पोत्यांत एकेक मापटं वाळू टाकली आणि सांगितलं की यापुढं दर बाजाराला एवढीच. कमी नाही, जास्त नाही. एरवी तो मराठी बोलायचा, पण व्यायामाचं बोलायचं असलं की छावणीची भाषा यायची. "जल्दी मत करो बेटा," तो म्हणाला, "बदन को पता भी नहीं चलना चाहिए."

आणि खरंच कळलं नाही. मापटंभर वाळू ती काय! कालची बैठक आणि आजची बैठक यात फरकच जाणवायचा नाही. पण वर्ष उलटलं तेव्हा दादाच्या पाठीवर दोन मण होतं आणि तो गुणगुणत बैठका मारत होता. मी थोडा मागे होतो. माझी चण बारीक.

वस्तादाचे दोन कडक नियम होते. एक, आजारी पडलात, अंग उतरलं, तर पोती अर्धी रिकामी करून मागं यायचं आणि पुन्हा बाजारामागून बाजार चढायचं. त्यात लाज नाही. दुसरा, आपलं माप आपण भरायचं नाही. दादाची वाळू मी भरायची, माझी दादानं. हा नियम मुख्यतः दादासाठीच होता, कारण तो म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्याच्या हातात मापटं दिलं असतं तर त्यानं महिन्याचं एकदम ओतलं असतं. शिवाय, आख पाठीवर घेणाऱ्यानं लंगोट सांभाळायचा, बायकोपासून दूर राहायचं, हे तर सगळ्याच तालमींत असतं.

दुसऱ्या वर्षी वस्ताद वारला. शांतपणे गेला, दुपारी बाजेवर पडल्या पडल्या. तोवर दादा चार मणाच्या घरात आला होता. त्याच सुमारास त्याचं लग्न झालेलं होतं आणि वैनी नांदायला आल्या होत्या, शिरड शहापूरच्या. काकूनं वस्तादाचा नियम पुढं चालवला. दादा गोठ्यात झोपायचा, वैनी काकूजवळ. वैनींना यात काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दुपारी गोठा झाडायच्या, शेण काढायच्या आणि आमचा कोपरा झाडताना पोती बाजूला सरकवून पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या.

आश्विनात दादाला हिवताप आला. महिनाभर दुलईखाली कुडकुडत होता. उठला तेव्हा गालफडं बसलेली, हातावरची कातडी ढिली. नियमानं पोती अर्धी करायला हवी होती. मी तसं म्हटलं तर म्हणाला, वजन तेच राहील. आखाखाली गेला, रेटा दिला, आणि आख मेढीवरून बोटभरही हलला नाही. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी मी गोठ्यात गेलो तर तो गव्हाणीला टेकून बसला होता आणि तोंडावर गमछा होता. दादाला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मी बाहेरूनच परत फिरलो. मला ते पाहवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागही आला. एवढं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी मी त्याची दोन्ही पोती सोडली. निम्मी वाळू काढून गोठ्यामागच्या खड्ड्यात टाकली आणि पोत्यांच्या मधोमध ज्वारीचा भुसा ठासून वरून वाळू भरली. पोती बाहेरून जशी होती तशीच फुगीर दिसत होती. दादा आला, आखाखाली गेला आणि उठला. पाच बैठका झाल्या. आख ठेवून तो हसला, मला मिठी मारली आणि म्हणाला, "बघ, गेली नव्हती कुठं."

माझा हिशेब साधा होता. भुसा थोडा थोडा काढायचा, दर बाजाराला एकाऐवजी दोन मापटी वाळू भरायची, आणि दोन-चार महिन्यांत खोटं खऱ्याला गाठील. तेवढ्यात कुणाचं काय बिघडतंय? पण दोन मापटी भरली की दादा अडखळायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा, की मी पुन्हा एक काढायचो. वर मापटं भरताना त्याच्यासमोर तोंडानं आकडा मोजायचो तो वेगळाच. वस्तादाच्या दुसऱ्या नियमातच आलं होतं की भरणाऱ्यावर उचलणाऱ्यानं संशय घ्यायचा नाही, आणि दादानं घेतला नाही. वर्षभरात आमच्या तोंडी पाच मण झालं आणि पोत्यांत पुरतं तीन मणही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशातली गत.

गावानं तर त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. कळमनुरीच्या बाजारातही लोक त्याला दाखवायचे, हा तो पाच मणवाला. दिवस धामधुमीचे येऊ लागले होते आणि गावात असा एक गडी आहे याचं लोकांना बरं वाटायचं. आज सांगतो, उद्या सांगतो असं करत मी मूग गिळून बसलो. नाही सांगितलं.

पौषात आमच्या कापसाच्या गाड्या हिंगोलीला निघाल्या होत्या. ओढ्याच्या उतारावर दादाच्या गाडीच्या चाकाची खीळ निखळली, चाक सुटून बाजूला पडलं आणि गाडी एका अंगावर कलली. पद्धत अशी की आधी कापूस उतरवायचा, गाडी हलकी करायची, मग चौघांनी उचलून चाक चढवायचं. पण ओढ्यात पाणी होतं, कापूस भिजला असता, आणि कुणीतरी म्हणालं की पाच मणवाला बरोबर असताना कापूस कशाला उतरवायचा. सगळे हसले. दादानंही मान डोलावली. आखाखाली पाठ लावून मी गाडी धरतो, तुम्ही चाक बसवा, असं ठरलं.

मी तिथंच उभा होतो. गाडीच्या त्या बाजूचं वजन चार मणाच्या खाली नव्हतं हे मला दिसत होतं, आणि दादाच्या पाठीत किती आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं, असं मी समजत होतो. तोंड उघडलं आणि एवढंच बोललो की कापूस उतरवू, घाई काय. पोरं म्हणाली, याला भावाची नजर लागायची भीती वाटून राहिली. दादा खाली जाता जाता थांबला आणि माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मी खाली बघितलं.

गाडी उचलली गेली. वीतभर वर आली. चाक आखाजवळ आणलंही होतं. मग त्याचा डावा गुडघा वाकला आणि सगळी गाडी त्याच्या कमरेवर बसली. आवाज फार झाला नाही. कापसाच्या गाडीचा आवाज होतच नाही फारसा.

कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. चौदा महिने तो बाजेवर होता. मी त्याला उचलून कूस बदलायचो, धुवायचो, भरवायचो. गाव म्हणायचं, भाऊ असावा तर असा. तो माझ्याशी नीट बोलायचा, कधी थट्टाही करायचा. कसं झालं असं कुणी विचारलं तर एकच सांगायचा, "माझंच चुकलं. नेम मोडला."

आता नेम म्हणजे कोणता, हे गावानं आपल्या मनानं ठरवलं. आणि माघ संपता संपता वैनींना दिवस गेल्याचं उघड झालं, तेव्हा ठरवायलाही काही उरलं नाही. दादा गोठ्यात झोपत होता तर हे कसं? लंगोट सुटला, मारुती कोपला, पाच मणाची ताकद पाण्यात गेली. काकू माझी प्रेमळ काकू, पण वैनींना जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. तिनं पोरगं बाजेवर पाहिलं होतं. तिला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. बाळंतपणाला म्हणून वैनींना माहेरी धाडलं आणि मुलगी झाल्याचं कळल्यावरही कुणी आणायला गेलं नाही. दादा छताकडं बघत पडलेला असायचा. एकदा मी धीर करून म्हटलं, वैनींना आणू का, तर म्हणाला, आईला विचार. आईला विचारण्यासारखं काय होतं त्यात? मी विचारलं नाही. पुढच्या फाल्गुनात तो गेला.

त्यानंतर आवाज सुरू झाले. आख मेढीवर टेकल्याचा, पोतं सरकल्याचा. मी पोती पेटवून दिली तरी थांबले नाहीत. बाजाराचा दिवस आला की हात आपोआप काहीतरी मोजायला लागायचे. ज्वारीच्या राशीत हात घातला तरी बोटांना वाळू लागायची. काकूला वाटलं मला बाधा झाली. तिनं उतरून टाकलं, दोरा बांधला. मी बांधून घेतला.

राज्य बदललं त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मला अगदीच राहवेना. बैल बघायला जातो असं काकूला सांगून मी शिरड शहापूर गाठलं. वैनी भावाच्या अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा तोडत होत्या. मुलगी शेजारी मातीत खेळत होती. दादाची जिवणी घेऊन आली होती. वैनींनी पाणी दिलं, काकूची तब्येत विचारली. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: वाळू, भुसा, खोटे आकडे. वाटलं होतं रडतील, शिव्या देतील. त्या शेंगा तोडत राहिल्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "रोज झाडताना सरकवत व्हते की मी ती पोती. भरल्या पोत्याला दोन्ही हात लागत. मंग एका हातानं सरकू लागली."

मी विचारलं, दादाला सांगितलं होतं का.

"सांगितलं. गाडीच्या आदी महिनाभर. त्याच दिशी रातीला, सासूबाई निजल्यावर, ते पयल्यांदा घरात आले, म्हणले आता कसला नेम." त्यांनी मुलीच्या हातातली माती झटकली. "म्हणले, त्याला कळू देऊ नको. माझ्यासाटी करून राहिला, लाजंल बिचारा. मी हळूहळू खरं वजन चढवतो."

म्हणजे ओढ्यात तो खाली गेला तेव्हा त्याला माहीत होतं. आणि माझ्याकडं पाहिलं तेव्हा तो वाट बघत होता, की मी बोलतो का. मी बोललो असतो तर तो बाहेर आला असता. तो स्वतःही बोलू शकत होता. पण त्यात माझं नाव निघालं असतं. आम्ही दोघांनी एकमेकांची अब्रू सांभाळली.

वैनींनी तोडलेल्या शेंगा एका बाजूला सारल्या. मग पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "त्यांनी तुमाला झाकलं, भावजी. मला न्हाई झाकलं. चौदा महिने पडून व्हते, एका शब्दाचं काम व्हतं." आणि शेंगा पुन्हा हातात घेत, "पर मला काहून सांगून राहिले तुमी हे? मला तर म्हाईतच हाय. तिथं जाऊन सांगा. माज्या लेकराला बापाच्या घरी जाता येईल."

मी शब्द दिला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून दिला. वैनींनी माझ्यासाठी भाकरी टाकली आणि जाताना शेंगांचं गाठोडं बांधून दिलं, सासूबाईंना आवडतात म्हणून.

वाटभर मी वाक्यं जुळवत आलो. कुठून सुरू करायचं, काकू ओरडेल तेव्हा काय म्हणायचं, सगळं ठरवलं. ती घर सोडून जा म्हणाली तर कुठं जायचं हेही ठरवलं होतं. घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. काकू उंबऱ्यात वाट बघत बसली होती. रडून रडून तिला तोवर नीट दिसेनासं झालं होतं. पायांच्या आवाजावरून ओळखायची. तिनं गाठोडं चाचपलं, शेंग दातानं फोडली आणि चवीवरून तिला कळलं, शेंगा कुठल्या ते.

"तिकडं गेलतास?"

मी व्हय म्हटलं.

"काय म्हणत व्हती?"

काकूचा हात माझ्या हातावर होता. आत चुलीवर माझं जेवण झाकून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "काई न्हाई."

तिनं शेंगांचं गाठोडं उचलून बैलापुढं टाकलं आणि मला वाढायला उठली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. अकरा वर्षं रोज दोन वेळा तिनं चाचपडत माझं ताट वाढलं, आणि प्रत्येक वेळी मला सांगता आलं असतं. दादाच्या मुलीचं लग्न मामानं लावून दिलं. मला आमंत्रण आलं नाही आणि ते बरोबरच होतं. वैनी भावाच्या घरीच म्हाताऱ्या झाल्या. शेवटच्या आजारात काकूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बायाबापड्या भोवती बसल्या होत्या. तिनं माझा चेहरा चाचपला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एक गेला, पर तू मला कशाचं उणं पडू दिलं न्हाई, लेकरा."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी तिच्या तोंडात पाणी घातलं.